गिझर उघडण्याआधी हाताशी काय हवं

अभ्यंगस्नानाला गार पाणी नको असेल तर गिझर उघडून आतला खार काढायचं काम नवरात्रातच उरका. सांगलीत कृष्णेच्या नळपाण्यावर एखादं वर्ष पुढं ढकललं तरी चालतं. छतावरच्या टाकीत बोअरचं पाणी चढत असेल, किंवा घर जत-आटपाडीकडं असेल, तर दरवर्षी उघडावाच लागतो.

आधी खालून बघा. पत्र्याच्या फटीतून तांबूस पाणी ठिबकत असेल तर गिझरची आतली टाकीच सडलीय. मग सामानावर एक रुपयाही घालू नका, नवीन गिझर घ्या.

टाकी धड असेल तर लेबलचा फोटो काढूनच दुकानात जा. लिटर, वॅट आणि मॉडेल तिन्ही लागतात. नवं गॅसकेट, म्हणजे झाकणाखालचं रबर, आणा, कारण दबलेलं जुनं परत बसवलं की हमखास गळतं. टाकीच्या आत असते ती मॅग्नेशियमची कांडीही आणून ठेवा. टाकीऐवजी ती झिजते, म्हणून टाकी टिकते. निम्मी झिजली किंवा आतली तार दिसू लागली की बदलायची. टेफलॉन टेप, पाने, टेस्टर, मल्टिमीटर, दोन बादल्या आणि पाव किलो सायट्रिक ॲसिड एवढं घरात असू द्या. फरशी धुवायचं ॲसिड मात्र नको, ते पाणी तापवणाऱ्या कॉईलचं आवरणच खातं.

नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं, मग ते बंद असूनही गिझरमध्ये वीज राहते, म्हणून मेनच पाडा आणि टेस्टर लावून खात्री करा. पाणी गार होऊ द्या. अँगल कॉक (गिझरला पाणी देणारा भिंतीवरचा कॉक) बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा आणि मगच खालचा गार पाण्याचा पाईप सोडा. वरून हवा आत गेली नाही तर पाणी उतरत नाही, आणि लोकांना वाटतं टाकी रिकामी झाली. वायरी काढण्याआधी फोटो काढा.

नट सोडून कॉईल बाहेर काढली की तिच्यावर पांढरा खार खडूसारखा चढलेला दिसेल. पाच लिटर कोमट पाण्यात पाव किलो सायट्रिक ॲसिड विरघळवा आणि वायरीची टोकं वर ठेवून कॉईल बुडवा. बुडबुडे थांबले की धुवा. सुरीनं खरवडू नका. ठरलेल्या उष्णतेला कॉईल बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटची नळीही साफ करा. तिच्यावर खार असला की थर्मोस्टॅटला उष्णता उशिरा कळते, पाणी जास्त तापतं आणि कटआऊट, म्हणजे अशा वेळी वीज तोडणारा बचाव, उडतो. वारंवार उडणारा कटआऊट ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे तो वगळून वायर थेट जोडून, देणाऱ्या वायरमनला दारातूनच परत पाठवा.

2000 वॅटची कॉईल मल्टिमीटरवर साधारण 26 ओहम दाखवते. कॉईलचं टोक आणि बॉडी यांच्यात काहीही आकडा आला तर शॉक बसणार, कॉईल बदला. टर्मिनल (वायर जोडायची जागा) काळं पडलं असेल तर जोड सैल होता. जवळपास नऊ अँपिअर ओढणारं यंत्र आहे, त्याला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा. अर्थिंगही तपासून घ्या.

बसवताना नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पाणी भरा, गरम नळातून फसफस थांबून सलग धार आली की मगच बटण दाबा. कोरडी कॉईल काही मिनिटांत जळते. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून कपभर पाणी ठिबकलं तर घाबरू नका, पाणी फुगतं. त्या भोकात बूच मात्र मारू नका. दुसऱ्या दिवशी, गिझर गार असताना, गॅसकेटभोवती कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर मेन बंद करून नट पाव फेरा आवळा.