शास्त्रज्ञांची प्रयोगपत्रे कशी वाचावीत: डार्विन आणि हूकर

व्हिक्टोरियन शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार वाचताना पुष्कळ वाचक प्रसिद्ध वाक्ये शोधत पाने चाळतात आणि त्या पत्रांतली सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे उत्तर ठाऊक होण्याआधीची घालमेल, त्यांच्या नजरेतून सुटते. म्हणून सगळा संग्रह हाती न घेता एकच प्रयोग निवडावा. चार्ल्स डार्विन यांनी 1855 मध्ये केंट परगण्यातल्या डाऊन गावाहून लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना बियांविषयी लिहिलेली पत्रे मला यासाठी सर्वांत योग्य वाटतात. ती संपादकीय टिपांसह इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.

आधी मूळ प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा. दूरच्या बेटांवर मुख्य भूमीवरच्या वनस्पती कशा पोहोचल्या? मधली जमीन समुद्रात बुडाली असे मानायचे, की बिया पाण्यातून वाहत गेल्या असे? दुसरी शक्यता तपासण्यासाठी डार्विन यांनी बिया खाऱ्या पाण्यात ठेवल्या आणि ठरावीक दिवसांनी पेरून पाहिल्या.

मग पत्रे तारखेच्या क्रमाने वाचावीत. डार्विन अनेकदा पत्रावर वर्ष घालत नसत, त्यामुळे चौकटी कंसातली तारीख हा संपादकांचा निष्कर्ष असतो, हे ध्यानात ठेवावे. शिवाय 1862 पूर्वी आलेली बरीच पत्रे त्यांनी जपली नाहीत, म्हणून हूकर काय म्हणाले असतील ते पुष्कळदा डार्विन यांच्याच पुढच्या पत्रावरून ताडावे लागते. अळीव आठवड्याभरात मरेल अशी आपली अपेक्षा होती, ही हूकर यांची कबुली आपल्यापर्यंत अशीच पोहोचते. प्रत्यक्षात अळीव 21 दिवसांनंतरही उत्तम उगवले. बाबा डॉक्टर हूकरना हरवणार का, असे घरातली मुले विचारत होती, हेही डार्विन कळवतात.

शक्य असल्यास प्रयोगाचा एखादा भाग स्वतः करून पाहावा. एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात अळीव टाकावे. भिजलेल्या अळिवाचा बुळबुळीतपणा आपल्याकडे खिरीमुळे घरोघरी माहीत आहे. बियांतून भरपूर चिकट द्रव सुटून त्यांचा गोळा झाल्याची डार्विन यांची नोंद त्यानंतर वाचली, की ती लिहिणारा माणूस बाटलीत किती बारकाईने पाहत होता ते कळते.

जिथे प्रयोग अडतो, तिथे घाई करू नये. मे महिन्यात बिया पाण्यात बुडतात हे लक्षात येताच या कृतघ्न बियांना खारवण्याचे श्रम फुकट गेले, असे डार्विन हूकर यांना वैतागून लिहितात, कारण जी बी तरंगत नाही ती जिवंत राहूनही प्रवास कसा करणार? हे पत्र दोनदा वाचावे. पुढचे सगळे काम याच अडचणीतून निघाले आहे.

शेवटी डार्विन यांच्या 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथातली आकडेवारी पत्रांशेजारी ठेवावी. तिथे 87 प्रकारांपैकी 64 प्रकार 28 दिवसांनंतर उगवल्याचे सांगितले आहे. अटलांटिकमधल्या प्रवाहांचा सरासरी वेग दिवसाला 33 मैल धरला, तर तेवढ्या काळात 924 मैल, म्हणजे जवळपास 1,490 किलोमीटर अंतर कापले जाते. तरंगण्याचा पेच कसा सुटला, तेही तिथेच सापडते: हेझल या झुडपाची ताजी कवचफळे तत्काळ बुडाली, वाळवलेली मात्र 90 दिवस तरंगली आणि नंतर पेरल्यावर रुजली.