धडधड होत असेल तर कॅल्शियमचा रिपोर्ट कसा वाचावा

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आईच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली. रात्री म्हणाली, "मधेच ठोका चुकतोय गं." रक्तातलं कॅल्शियम ७.१ mg/dL निघालं, म्हणजे कमी. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, थायरॉइडमागच्या इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या की असं होतं. तेव्हापासून तिचे रिपोर्ट मी ज्या क्रमाने वाचते, तो सांगते.

आधी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, बघा. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना चिकटलेलं असतं. हृदयाच्या कामाचं फक्त मोकळं. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून उत्तर कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम ७.८ आणि अल्ब्युमिन ३ असेल तर आकडा ८.६ होतो, म्हणजे ८.५ ते १०.५ च्या मर्यादेत. हा अंदाजच आहे. शंका राहिली तर ‘आयोनाइज्ड’ म्हणजे मोकळं कॅल्शियम थेट तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

मग ईसीजीवरचा क्यूटीसी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पूर्ववत होईपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी, आणि ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी म्हणजे क्यूटीसी. हृदयाच्या पेशीत शिरलेलं कॅल्शियम स्वतःच आपली वाट बंद करतं. ते कमी असलं की वाट उशिरा बंद होते, पेशी पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि क्यूटी लांबतो. कॅल्शियम फार वाढलं तर उलट, क्यूटी आखूड होतो. आईचा क्यूटीसी ४९६ मिलिसेकंद होता. ५०० च्या वर गेला की जीवघेण्या अनियमित ठोक्यांचा धोका बराच वाढतो. क्यूटी लांबवणारी औषधंही असतात, उदाहरणार्थ अ‍ॅझिथ्रोमायसिन. म्हणून चालू गोळ्यांची यादी प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

आम्ही अडकलो ते मॅग्नेशियमपाशी. गोळ्या चालू असूनही कॅल्शियम वर येईना. मॅग्नेशियम १.२ म्हणजे कमी निघालं, आणि ज्या प्रकारच्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीने ते उतरू शकतं, ती गोळी आई कित्येक वर्षं घेत होती. मॅग्नेशियम कमी असलं की कॅल्शियमही वर येत नाही. मॅग्नेशियम भरून काढल्यावरच कॅल्शियम हललं. म्हणून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम सोबत तपासून घ्याच.

‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ या नावाला घाबरून व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम ही हृदयाची औषधं बंद करू नका. त्यांनी रक्तातलं कॅल्शियम उतरत नाही. धडधडीवर उपाय म्हणून मनाने कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू करू नका, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर मुळीच नाही.

धडधडीसोबत चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा हातपाय वळले, तर रिपोर्टची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून आईची ती गोळी पहाटे असते आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, जेवणासोबत.