जुन्या हैदराबाद संस्थानातले निकाल वाचताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या जमिनीचा किंवा वारसाचा जुना दावा निघाला की बाररूममध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "घटना आली, जुनी कोर्टं गेली." पहिली चूक हीच. २६ जानेवारी १९५० ला तालुक्याच्या कोर्टाला कुलूप लागलं नाही. कलम ३७५ नं दिवाणी, फौजदारी, महसुली कोर्टं चालूच ठेवली. मुंबई हायकोर्टात एम. सी. छागला १९४७ पासून मुख्य न्यायाधीश होते, ते १९५८ पर्यंत राहिले. फेडरल कोर्टाचे (घटनेआधीच्या केंद्रीय कोर्टाचे) न्यायाधीश सुप्रीम कोर्टात गेले, सोबत तिथले प्रलंबित खटलेही गेले.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या न्यायाधीशांना एकाच मापानं मोजणं. कलम ३७६ नीट वाचा. प्रांतांच्या हायकोर्टातले न्यायाधीश, त्यांनी नको म्हटलं नाही तर, आपोआप नव्या हायकोर्टाचे झाले. हैदराबादसारख्या 'ब' वर्गातल्या, म्हणजे जुन्या संस्थानांतून झालेल्या, राज्यांचे न्यायाधीशही कायम राहिले, पण किती काळ ते राष्ट्रपती ठरवणार होते. कोल्हापूरला यातलं काही लावू नका. ते १ मार्च १९४९ लाच मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. (न्यायाधीश भारतीय नागरिकच हवा हा नियमही आधीपासून बसलेल्यांना आड आला नाही. कलकत्त्याचे ट्रेव्हर हॅरीज १९५२ पर्यंत मुख्य न्यायाधीश होते.)

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: निकालाची तारीख न पाहता पुढचं अपील गृहीत धरणं. जनार्दन रेड्डी खटल्यात तेलंगणातल्या फाशीच्या कैद्यांनी सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावलं. हैदराबाद हायकोर्टाचे निकाल होते डिसेंबर १९४९ चे. कोर्टानं १९५० मध्ये सांगितलं की निकाल लागला तेव्हा हैदराबाद भारताचा प्रदेश नव्हता, म्हणून कलम १३६ खाली (सुप्रीम कोर्टाच्या खास परवानगीनं) हे अपील ऐकता येत नाही. कैदी जिवंत, कोर्ट समोर, आणि आडवे आले २६ जानेवारीआधीचे जेमतेम सहा आठवडे.

आता कागद हातात घ्या. निजामाच्या कोर्टाची नक्कल उर्दूत असते आणि सन फसली, म्हणजे जुना महसुली सन. '१३५९' दिसलं की आपण ५९० मिळवून १९४९ लिहून मोकळे होतो. माझ्याही हातून हे झालंय. १३५९ फसली १९४९ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९५० मध्ये संपतं, म्हणजे २६ जानेवारी त्याच्या पोटातच येते. नुसत्या सनावर विसंबू नका, महिना आणि दिवस वाचून घ्या.

आणि अपील २६ जानेवारी १९५० ला हैदराबादच्या ज्युडिशियल कमिटीपुढे (संस्थानातल्या शेवटच्या अपिलाच्या जागेपुढे) आधीच पडून असेल, तर गोष्ट उलटी. कलम ३७४(४) नं ती कमिटी अधिकारातून गेली आणि तिच्यापुढची अपिलं सुप्रीम कोर्टाकडे वर्ग झाली. अशा दाव्याचा शेवट हैदराबादच्या दप्तरात शोधत बसू नका, दिल्लीला अर्ज टाका.