पावसाळ्यापूर्वीचा कृषी सल्ला : विहिरीच्या पाण्याबरोबर भूजलातील जीवही जपावेत

पहिल्या मोठ्या पावसाबरोबर पिकाने न उचललेले नत्र, कीडनाशकांचे अवशेष आणि उघड्यावर साठवलेल्या शेणखताचा अर्क एकाच वेळी जमिनीत उतरू लागतो. त्यामुळे विहीर आणि बोअरवेल यांच्या परिसरातील पुढील कामे पाऊस सुरू होण्याआधीच उरकून घ्यावीत. या कामांमुळे पाण्याची प्रत टिकतेच, शिवाय त्या पाण्यात राहणाऱ्या, सहसा नजरेस न पडणाऱ्या प्राण्यांचेही रक्षण होते.

भूजलात जीवाणूंखेरीज काही नसते असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. वाळू-खडीच्या थरांतील पोकळ्यांत आणि खडकांच्या भेगांत कोपेपॉड, ऑस्ट्रॅकॉड, अँफिपॉड, आयसोपॉड यांसारखे कवचधारी प्राणी, तसेच बारीक कृमी आणि जलकोळी राहतात. त्यांपैकी अनेकांची लांबी एक मिलिमीटरही भरत नाही. कायम भूजलातच राहणाऱ्या जाती बहुधा रंगहीन असतात आणि त्यांना डोळे नसतात किंवा असले तरी ते खुरटलेले असतात. अंधारात वनस्पती वाढत नसल्याने, पाण्याबरोबर वरून झिरपत आलेले सेंद्रिय द्रव्य आणि त्यावर वाढणारे जीवाणू हेच त्यांचे मुख्य अन्न होय. वाळूच्या कणांवरील जीवाणूंचा चिकट थर खरवडून खाताना आणि कणांमधून वाट काढताना हे प्राणी पाण्याचे मार्ग काही प्रमाणात मोकळे ठेवतात. मात्र हे काम किती होते ते थराच्या रचनेवर अवलंबून असते, म्हणून या प्राण्यांच्या भरवशावर पाणी दूषित होऊ देणे शहाणपणाचे नाही.

उथळ थर सोडले तर भूजलाचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते आणि अन्न नेहमीच तुटपुंजे असते. अशा परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या या प्राण्यांची वाढ संथ असते, ते अंडी थोडी घालतात आणि पृष्ठजलातील नातलगांपेक्षा बहुधा अधिक काळ जगतात. परिणामी एखाद्या थरातील प्राणी मेले की त्यांची संख्या भरून यायला फार वेळ लागतो. अनेक जातींचा वावर लहानशा क्षेत्रापुरताच असल्याने तेथून नाहीशी झालेली जात दुसरीकडून येईलच असे नाही. खाणकामाला परवानगी देण्यापूर्वी भूजलातील प्राण्यांवर होणाऱ्या परिणामांचा विचार पश्चिम ऑस्ट्रेलियात केला जातो, त्यामागे हेच कारण आहे. शेतीचा परिणाम मात्र बहुतेक ठिकाणी मोजलाच जात नाही.

नत्रखताची संपूर्ण मात्रा पेरणीच्या वेळी एकदम न देता माती परीक्षणानुसार आणि पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्यांनी द्यावी. जोरदार पावसाचा अंदाज असल्यास खत देणे आणि फवारणी दोन्ही पुढे ढकलावे. कीटकांसाठी बनवलेली अनेक औषधे कवचधारी प्राण्यांनाही घातक असतात, कारण दोन्ही संधिपाद गटातील असून त्यांची मज्जासंस्था बरीच सारखी असते. क्लोरपायरीफॉस हे याचे परिचित उदाहरण आहे. फवारणी पंप विहिरीच्या काठावर भरू किंवा धुऊ नये. खताचा उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस हलवावा. इंजिनातून डिझेल किंवा तेल गळत असल्यास ते आताच दुरुस्त करून घ्यावे.

विहीर पुनर्भरणाबाबत अधिक काळजी हवी, कारण चांगल्या हेतूने केलेले हेच काम सर्वाधिक नुकसान करू शकते. शेतातून वाहणारे गढूळ पाणी थेट विहिरीत किंवा बोअरवेलमध्ये सोडल्यास मातीतून होणारी नैसर्गिक गाळण टळते, गाळ पोकळ्या बुजवतो आणि पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना ऑक्सिजन संपतो. त्यामुळे पहिल्या पावसाचे पाणी वळवून बाहेर सोडावे, नंतरचे पाणी आधी गाळ बसण्याच्या खड्ड्यात घ्यावे आणि तेथून वाळू-खडीच्या गाळणीतूनच पुढे जाऊ द्यावे. फवारणी झालेल्या शेतातील पाणी गाळूनही आत सोडू नये, कारण विरघळलेले रसायन अशा गाळणीत अडकत नाही.

पाऊस येईपर्यंतचा उपसाही जपून करावा. पातळी झपाट्याने खाली गेली की बारीक कणांच्या थरातील प्राणी पाण्यामागोमाग उतरू शकत नाहीत आणि कोरड्या पडलेल्या भागात मरतात, म्हणून विहीर एका दमात तळापर्यंत रिकामी करण्याऐवजी मध्ये विश्रांती देऊन पंप चालवावा. पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण करावेच. मात्र केवळ सिंचनासाठी असलेल्या विहिरीत ब्लिचिंग पावडर विनाकारण टाकू नये.

उपशाचे पाणी अतिशय बारीक विणीच्या जाळीतून काही वेळ गाळून, अडकलेला गाळ पांढऱ्या भांड्यात स्वच्छ पाण्यासह पसरवून भिंगाखाली पाहिल्यास पांढुरके, हलणारे ठिपके दिसू शकतात. उघड्या विहिरीत रंगीत आणि डोळा असलेले सायक्लॉप्स (एक प्रकारचे कोपेपॉड) हेही सापडतात. ते बहुधा पृष्ठजलातील असतात. प्राणी दिसले म्हणजे पाणी पिण्यायोग्य आहे असा अर्थ काढू नये. त्यासाठी पावसापूर्वी आणि पावसानंतर प्रयोगशाळेत तपासणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटचे (पाण्यात विरघळून उतरणाऱ्या नत्राच्या रूपाचे) मार्गदर्शक प्रमाण लिटरमागे ५० मिलिग्रॅम दिले आहे. पावसानंतरचा आकडा आधीपेक्षा स्पष्टपणे वाढलेला आढळल्यास पुढील हंगामातील नत्राची मात्रा आणि ती देण्याची वेळ, दोन्ही बदलावीत.