गावातल्या मुलांची कल्पकता आणि करिअर: शाळेत आणि घरी होणाऱ्या या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातल्या शाळांत पालकांची ये-जा वाढते. प्रश्न बहुतेक एकच असतो, "सर जी, पोट्ट्याले आता कुठं टाकावं?" उठताना मात्र कितीतरी पालक हळूच आणखी काही सांगतात. "घरची मोटर खोलून बसते." "अभ्यास सोडून चित्रंच काढते." "नाटकवाल्याच्या मागं मागं फिरते." सूर तक्रारीचा असतो. मला वाटतं, करिअरचा सल्ला इथूनच सुरू व्हायला हवा. मुलाचं लक्ष कुणी न सांगता जिथं टिकतं ती जागा पालकांनी स्वतःच दाखवलेली असते, आणि तीच आपण चर्चेतून वगळतो.

इतकी वर्षं शिकवताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या त्या इथं लिहितो. काही मुलांच्या, काही पालकांच्या आणि बऱ्याचशा आम्हा शिक्षकांच्या.

कल्पकता म्हणजे चित्र, गाणं आणि नाच, एवढंच मानणं

स्नेहसंमेलनात जो स्टेजवर चढला तो कलाकार, बाकीचे सगळे "साधे". शाळेत ही वाटणी फार लवकर होते आणि मुलं ती आयुष्यभर धरून बसतात. "मले काही येत नाही जी" असं म्हणणारा मुलगा घरी पंपाच्या स्टार्टरला ऑटो जोडून देतो, म्हणजे रात्री लाइन आली की बापाला अंधारात शेतावर जावं लागत नाही. आपल्याला काही येतं असं त्याला कधी कुणी सांगितलेलं नसतं.

आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे वर्गात सांगायलाच हवेत. शाळा तिसरीपर्यंत, शेती थोडकी. 1983 साली पटेल-3 या वाणाच्या धानाच्या बांधीत (भाताच्या शेतात) त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, रानडुकरांपासून राखल्या आणि वर्षामागून वर्षं निवड करत राहिले. त्यातून जो बारीक तांदूळ तयार झाला त्याला व्यापाऱ्यांनी त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचं नाव दिलं: एचएमटी. आज हे नाव आपल्या ताटापर्यंत पोचलेलं आहे. त्यांनी पुढे आणखीही वाण निवडले. 2018 मध्ये ते गेले. मुलांना ही गोष्ट सांगताना मी पुरस्कारांवर थांबत नाही, त्या पहिल्या लोंबीवर थांबतो. त्या बांधीतून रोज कितीतरी माणसं जात असतील. वेगळं दिसलं ते एकाला, आणि दिसलेलं त्याने सोडून दिलं नाही.

उपाय साधा आहे. सहावी-सातवीपासून मुलाला एक वेगळी वही द्या. तिच्यात आठवड्याला दोन-तीन नोंदी पुरेत: काय वेगळं दिसलं, कुठं अडलं, घरच्यांनी त्यावर काय केलं. या वहीला गुण देऊ नका. गुण आले की मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहू लागतात.

गाइडमधला पावसाळा

या चुकीवर थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तिचं मूळ आम्हा शिक्षकांत आहे. "पावसाळ्यातील एक दिवस" असा निबंध दिला की निम्म्या वर्गाच्या वह्यांत धरतीने तोच हिरवा शालू नेसलेला असतो आणि तोच मोर नाचत असतो. हीच मुलं आदल्या आठवड्यात आईसोबत रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेलेली असतात. तो चिखल, ते वाकणं, पाठीवरचा पाऊस यातलं काहीच वहीत उतरत नाही. कारण सोपं आहे: गाइडमधल्या वाक्याखाली "छान" असा शेरा पडतो, आणि "पऱ्हे" (धानाची रोपं), "बांधी", "नोको" अशा शब्दांखाली लाल रेघ.

एकदा विषय बदलून "रोवणीत तुझ्या हातांनी काय काय केलं ते क्रमाने लिही" असं सांगितलं. एका मुलीने लिहिलं: "पऱ्हे उपटले का मूठ पाण्यात आपटाची, म्हणजे मुळाचा चिखल निघते. बांधीत पाय फसला तर आई म्हणते, जोर नोको लावू, टाच आधी उचल." अख्ख्या वर्गात एवढं जिवंत वाक्य दुसरं नव्हतं. हिला निबंध येत नाही, असं आधी सगळे धरून चालले होते.

याचा करिअरशी संबंध थेट आहे. नर्सिंगला गेलेल्या मुलीला पेशंटची नोंद ठेवायची असते, आयटीआयच्या मुलाला जॉब, म्हणजे प्रात्यक्षिकाला दिलेलं काम, कसा केला ते जर्नलमध्ये लिहायचं असतं, वनरक्षकाला जंगलात काय दिसलं ते कळवायचं असतं. बघितलेलं क्रमाने आणि नेमकं सांगता येणं सगळीकडे लागतं. म्हणून पहिला मसुदा मुलाला घरच्या बोलीत लिहू द्या, तेव्हा लाल पेन खिशातच ठेवा. दुसऱ्या मसुद्यात परीक्षेची प्रमाणभाषा शिकवा. दोन्ही यायला हव्यात, पण क्रम हाच ठेवा.

विज्ञानाचं मॉडेल बाजारातून आणणं

केंद्र सरकारच्या इन्स्पायर अवॉर्ड-मानक या विज्ञान-कल्पनांच्या योजनेत शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते. कल्पना निवडली गेली की मॉडेल करण्यासाठी विद्यार्थ्याच्या खात्यात 10,000 रुपये येतात, आणि पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या असतात. खेड्यातल्या मुलासाठी ही मोठी संधी. पण शेवटची तारीख जवळ आली की घाई होते. कुणीतरी यूट्यूब उघडतं, आणि सिरिंजचा जेसीबी, अंधांसाठी सेन्सरची काठी, पावसात आपोआप कपडे आत घेणारी दोरी हेच पुन्हा एकदा जातं. परीक्षकाने एक प्रश्न विचारला की मुलाची मान खाली.

कल्पना मुलाची स्वतःची आहे का, हे तपासायला मी तीन प्रश्न विचारतो. हे कुणाच्या घरी लागणार आहे, त्याचं नाव सांग. त्या माणसाला दाखवलंस का, तो काय म्हणाला? आणि मोडलं तर तूच दुरुस्त करशील का?

आमच्या भागातल्या एका मुलीचं उदाहरण देतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे पडतात आणि बाया उजाडण्याआधी वेचायला निघतात. झाडाखाली फुलं दिसावीत म्हणून पालापाचोळा जाळतात, आणि कधी कधी ती आग जंगलात शिरते. वाघाची भीती तर आमच्याकडे वेगळी सांगायलाच नको. या मुलीने झाडाखाली जमिनीपासून हातभर उंच जुन्या साड्या बांधल्या, म्हणजे जाळायची गरज नाही आणि वाकायचीही. पहिल्या रात्री साडी मधोमध लोंबली, सगळी फुलं एकाच जागी गोळा होऊन दबली आणि दवाने ओली राहिली. मग तिने जुनी मच्छरदाणी घेतली आणि बांबूच्या खुंट्या वाढवून कड वर, मध्य थोडा खाली असा उतार दिला. फुलं अजूनही मधेच जमत होती, पण कापड हवेशीर असल्याने कुजत नव्हती. जाळी वापरायची कल्पना जगात नवी नाही, हे तिला ठाऊक होतं आणि तिने तसं सांगितलंही. साडी का फसली हे मात्र ती उभ्या उभ्या दहा मिनिटं समजावू शकत होती. मला शाळेकडून पाठवायची ती अशी कल्पना.

सहकाऱ्यांना एक विनंती: फसलेल्या प्रयोगाचं पान वहीतून फाडू देऊ नका.

"नाटकं करून पोट भरते का?"

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अर्धवट विचारला जातो. दिवाळी झाली की मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टी म्हणवल्या जाणाऱ्या भागात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं केंद्र. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. मुलगा जाऊन येतो आणि त्याच्या डोक्यात राहतो फक्त हिरो. बाप त्याला हटकतो तोही हिरोचाच विचार करून.

मुलाला एकदा मंचाच्या मागच्या बाजूने नेऊन दाखवा. लेखक, ऑर्गनवाला, तबलजी, पडदे रंगवणारा, नेपथ्य उभं करणारा, लाइट-साउंड सांभाळणारा, मेकअपवाला, पोस्टर छापणारा, गावोगावच्या मंडळांशी तारखा ठरवणारा. इतकी कामं एका रात्रीत उभी राहतात. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेल्या मुलाला इथं काम आहे, चित्रकला चांगली असलेल्यालाही आहे, आणि हिशेबात पक्का असेल त्याची तर मंडळं वाटच बघतात. गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे गावागावांत आनंद झाला होता. पण पद्मश्रीचं नाव सांगून मुलाला या वाटेवर ढकलू नका. उत्पन्न हंगामी आहे, पावसाळ्यात काम नसतं, जागरणं फार. म्हणून जो मुलगा इकडे ओढला जातो त्याला उरलेल्या महिन्यांत काय करशील हे आधी विचारा. शेती, वायरिंग, शिवण, संगणकावर डिझाइन, जे असेल ते. दोन कामं हातात असलेला कलावंत टिकतो, हे आमच्या भागातली कितीतरी घरं दाखवतात.

भरती, भरती आणि फक्त भरती

पहाटे आमच्या रस्त्यावर धावणारी मुलं-मुली दिसली की अभिमान वाटतो. अनवाणी धावणारेही असतात. अडचण वेगळी आहे. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण, लेखीला 100. तरी आमच्या मुलांची सगळी ताकद 1600 मीटरवर जाते, आणि गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण "मैदान निघालं की पाहू" म्हणून मागे राहतं. मैदान निघतं, लेखीत नाव जातं, आणि पुढच्या भरतीची वाट सुरू होते. बघता बघता वय वाढतं. खुल्या प्रवर्गाला 28, मागासवर्गीयांना 33 अशी मर्यादा आहे.

मुलगा दोनदा त्याच टप्प्यावर अडला असेल तर तिसऱ्यांदा तीच तयारी करू देऊ नका. मागच्या लेखी परीक्षेचे पेपर समोर घेऊन बसा, कुठल्या विषयात किती गेले ते लिहा. बहुतेक वेळा एकच विषय घात करत असतो. आणि तयारीबरोबर आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी चालू ठेवा. गॅप घेऊन नुसती तयारी करणाऱ्या मुलाच्या मनावर घराचा केवढा भार असतो, ते तो बोलून दाखवत नाही.

मुलींचं कसब फुकट जाणं

रांगोळी, मेंदी, शिवण यांना घरात छंद म्हणतात. बारावीतली मुलगी शेजारणींचे अस्तराचे ब्लाऊज शिवून देते आणि "घरचंच आहे" म्हणून पैसे घेत नाही. तिला एक कागद घेऊन बसवा. अस्तर, दोरा, हुक, विजेचा खर्च, कापायला आणि शिवायला लागलेला वेळ. बेरीज केली की पहिल्यांदा तिच्याच लक्षात येतं की हे काम आहे. त्यानंतर फॅशन तंत्रज्ञानाचा ट्रेड, ड्रेस डिझाइनचा डिप्लोमा या गोष्टी घरी बोलणं सोपं जातं. बापाला स्वप्नापेक्षा हिशेब लवकर पटतो.

कागद आणि तारखा सुटणं

हुशारी कमी पडल्याने थांबलेली मुलं मी फार थोडी पाहिली. दाखल्यावाचून थांबलेली खूप. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यातून निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण कित्येक घरांना फॉर्म भरून झाल्यावर कळतं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत अ श्रेणीला 7, ब ला 5 आणि क ला 3 असे वाढीव गुण दहावीत मिळतात, मात्र त्यांचा प्रस्ताव शाळेकडून बोर्डाकडे वेळेत जावा लागतो. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथल्या पदवीसाठी वेगळी सीईटी असते, हे चित्र काढणाऱ्या मुलाला दहावीतच माहीत हवं. बारावीनंतर कळलं तर एक वर्ष जातं.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जिथं लागतं तिथं नॉन-क्रिमीलेअर, आधार जोडलेलं बँक खातं: हे सगळं नववीची परीक्षा संपताच उन्हाळ्यात सुरू करा. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी आहे का ते शाळेच्या रजिस्टरशी ताडून पाहा. आधारवर "रामदास" आणि शाळेत "रामदासजी" एवढ्या फरकावरही शिष्यवृत्ती अडते. जात पडताळणीला वेळ लागतो, वडिलांच्या-आजोबांच्या शाळेचे जुने दाखले शोधावे लागतात, म्हणून अकरावीत गेल्या गेल्याच कॉलेजमार्फत अर्ज टाका. जूनमध्ये तहसीलला रांग असते आणि शेतात पेरणीची घाई. मे महिन्यात तेंदूपत्त्याचं काम सकाळी आटोपतं, तेव्हा दुपारी सेतू केंद्रात जाऊन या.