एम.एड. की एम.ए. शिक्षणशास्त्र? सोलापुरातून अर्ज करणाऱ्यांसाठी

गड्ड्याची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेची गर्दी ओसरली की मला दरवर्षी तेच फोन येऊ लागतात. "मॅडम, बी.एड. झालं. आता एम.एड. करू की एम.ए. एज्युकेशन?" फोन करणारी बहुतेक पोरं कुठल्यातरी विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवत असतात आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली असतात. मी आधी एवढंच विचारते: पुढं शिकून तुला कुणाला शिकवायचंय? शाळेतल्या मुलांना, की शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना? की अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं, संशोधन, एखाद्या संस्थेचं काम यात उतरायचंय?

शाळेतली नोकरी लवकर लागावी म्हणून एम.एड. करत असाल तर थांबा. तिथं बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) यांनाच विचारतात, एम.एड.मुळे ती रांग पुढं सरकत नाही. बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र एम.एड. हा सरळ रस्ता. त्यासोबत स्वतःच्या विषयात पदव्युत्तर पदवी लागते, दोन्हीकडे ५५ टक्के. हे टक्के आधीच नीट बघा. एम.एड.च्या प्रवेशाला बी.एड.चे ५० टक्के पुरतात, म्हणून काहीजण निर्धास्त राहतात आणि पुढं प्राध्यापकाच्या जाहिरातीपाशी अडतात. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमावलीत आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. शिक्षणशास्त्रातलं एम.ए. आणि बी.एड., दोन्ही ५५ टक्क्यांनी झालं असेल, तर बी.एड.चे पायाभूत (तात्त्विक) विषय शिकवण्याच्या पदासाठीही पात्रता मिळते. नेट-सेट या प्राध्यापक पात्रता परीक्षांची अट वेगळी, ती दोघांनाही चुकत नाही.

नोकरी सांभाळून एम.एड. होईल का, असं हमखास विचारतात. नियमित एम.एड. दोन वर्षांचं आहे. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तासांना ८० टक्के हजेरी, क्षेत्रकार्याला ९० टक्के, आणि वर प्रबंधिका, म्हणजे छोटा संशोधन प्रबंध. सकाळची शाळा करून दुपारी कॉलेज गाठू, असं मनात असेल तर ते काढून टाका. नोकरी सोडणं शक्यच नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ एम.ए. एज्युकेशन आहे, आणि ते मन लावून केलं तर चांगलं वाचन घडतं.

महाराष्ट्रातल्या एम.एड.साठी राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची परीक्षा द्यावी लागते. तिच्या अभ्यासाबद्दल मी फार सांगणार नाही, बी.एड.ची पुस्तकं पुन्हा काढा. एवढंच लक्षात ठेवा की सीईटी देणं आणि कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीसाठी नोंदणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकाल लागला म्हणून गप्प बसलात तर प्रवेश तुमच्याकडे चालत येत नाही. दिल्ली विद्यापीठ आणि इतर केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही आता प्रवेशासाठी ते गुण धरते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची प्रक्रिया स्वतंत्र आहे. तिथं घरच्या उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळं फीचा आकडा बघूनच ती खिडकी बंद करू नका. या बाहेरच्या परीक्षांचे अर्ज लवकर सुरू होतात. सीईटीचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून थांबलात तर ते निघून गेलेले असतात.

मी स्वतः राज्यात आणि बाहेर, दोन्हीकडे अर्ज केले होते. सगळ्यात जास्त वेळ कशात गेला म्हणाल तर 'एसओपी' लिहिण्यात, म्हणजे हे शिक्षण तुम्हाला का घ्यायचंय ते सांगणाऱ्या दोन पानांत. आता पोरं मला आपापली पानं वाचायला पाठवतात. निम्म्यांची सुरुवात 'शिक्षण हे समाजपरिवर्तनाचे प्रभावी साधन आहे' अशीच असते. हे वाक्य खरं आहे, पण ते सोलापुरातून आलंय की सांगलीतून हे त्यावरून कळत नाही. निवड समितीला तुम्ही दिसायला हवेत, तुमचा वर्ग दिसायला हवा.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत शिकवत होते. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलायची, काही कन्नड. पाचवीत एक मुलगी होती, तिची आई विड्या वळायची. फळ्यावर १००० भागिले २५ मांडलं की ती पाटीवर रेघा ओढत बसायची आणि मध्येच कुठंतरी हरवायची. पण आईबरोबर विड्या द्यायला जाताना पंचवीस-पंचवीसच्या जुड्या तीच मोजायची. मी सहज विचारलं, "हजार विड्यांच्या किती जुड्या गं?" ती लगेच म्हणाली, "चाळीस." कसं काढलंस म्हटल्यावर म्हणाली, "चार जुड्या म्हणजे शंभर. शंभर दहा वेळा." बोटंसुद्धा हलली नव्हती तिची. माझ्या एसओपीचं पहिलं पान हेच होतं. खाली मी प्रश्न लिहिला: जे गणित हिला घरी येतं ते माझ्या वर्गात का येत नाही, आणि यात मी काय बदलू शकते?

पुढं वाचताना कळलं की ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात फेरीवाल्या मुलांवर नेमका असाच अभ्यास झाला होता, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात अचूक हिशोब करणारी मुलं तीच उदाहरणं कागदावर मांडली की चुकत होती. तो लेख हाती आला त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. सोलापुरातल्या एका वर्गातला प्रश्न जगात आणखी कुणाला तरी पडला होता, आणि त्याचा अभ्यास करता येतो हेही दिसत होतं. म्हणून सांगते, अर्ज भरायच्या कितीतरी आधीपासून एक वही ठेवा. वर्गात जे खटकलं, जे चकित करून गेलं, ते तारखेसह लिहा. एसओपी त्यातूनच निघेल. पुढं प्रबंधिकेचा विषयही तिथंच सापडतो.

मुलाखतीतही हीच वही कामाला येते. मला विचारलं होतं, "२०२० चं शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत शक्य तिथं मातृभाषेतून शिकवा म्हणतं. तुमच्या वर्गात कुठली मातृभाषा?" आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या आहेत, आणि तरीही कितीतरी तेलुगू घरांतली मुलं मराठी शाळेत येतात. पालकांशी बोलून जे ऐकलं होतं तेच मी सांगितलं, आणि चर्चा बराच वेळ रंगली. सोलापूरचं असणं ही कमतरता समजून लपवू नका. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तो आपल्याच माढा तालुक्यातल्या कामावर.

इंग्रजीची भीती अनेकांना असते. एसओपी आधी मराठीत लिहा, मग साध्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत उतरवा. दुसऱ्या कुणाकडून भारदस्त इंग्रजी लिहून घेतलं तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत फरक कळतो.

शिफारसपत्र मागताना मोठ्या हुद्द्याच्या मागं लागू नका. ज्यांनी तुम्हाला शिकवताना पाहिलंय त्यांच्याकडे जा, आणि जाताना तुमच्या कामाचं एक पान घेऊन जा. बी.एड.च्या माझ्या सरांनी माझ्या एका पाठाबद्दल तपशीलवार लिहिलं होतं. मुलाखतीत त्यावरूनच पुढचे प्रश्न निघाले.

कागदपत्रांत आपल्याकडे नावाचा घोळ सर्रास निघतो. तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं. मुलींचं लग्नाआधीचं नाव पदवीवर आणि नंतरचं बँकेत. राजपत्रात नावबदल किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधी काढून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर होतात, तेव्हा हातातल्या दाखल्यावर कुठल्या वर्षाचा ३१ मार्च आहे ते आजच बघा. ऐन हंगामात सेतूच्या रांगेत उभं राहून दाखला वेळेत मिळेलच असं नाही. मागासवर्गीयांच्या राखीव जागेवर अर्ज असेल तर जात पडताळणीचं प्रमाणपत्रही हवं. प्रवेश पक्का झाला की राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरा, तो कॉलेज भरत नाही.

नोकरी चालू असेल तर संस्थेशी बोलणं निकाल लागेपर्यंत लांबवू नका. अनुदानित शाळेत असाल तर अध्ययन रजेचं विचारा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. विनाअनुदानित शाळेतून बाहेर पडताना अनुभवाचा दाखला पदनाम, विषय, इयत्ता आणि तारखांसह मागून घ्या. वर्ष उलटल्यावर तो मिळवणं जड जातं, कारण तोवर मुख्याध्यापक बदललेले असतात.