सरकारी कार्यालयाची जुनी संगणक प्रणाली बदलताना : गोव्यातील कार्यालयप्रमुखांसाठी मार्गदर्शिका

तालुका पातळीवरील कार्यालयात किंवा एखाद्या मध्यम आकाराच्या खात्यात संगणक प्रणाली बदलण्याचा विषय निघाला की टिपणी बहुधा खरेदीच्या यादीपासून सुरू होते : अमुक इतके संगणक, तितके यूपीएस, एक सर्व्हर, एक फायरवॉल. खरेदी हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, कारण तिची पद्धत ठरलेली आहे आणि लेखापरीक्षणातही तीच तपासली जाते. अवघड असते ते जुनी प्रणाली खरोखर बंद करणे. नवी प्रणाली काउंटरवर आणि जुनी मागच्या खोलीत, अशा दोन्ही वर्षानुवर्षे चालू राहिल्या तर खर्च दुप्पट होतो, दोन ठिकाणच्या नोंदी हळूहळू एकमेकींपासून दूर जातात आणि ज्या यंत्राकडे कोणाचेच लक्ष नसते त्यातूनच हल्लेखोर आत शिरतो. म्हणून पुढील सूचना खरेदीविषयी कमी आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या कामांविषयी अधिक आहेत.

दुसरी नोंदवही

डेड स्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाची किंमत, पुरवठादार आणि खरेदीची तारीख असते. तो संगणक काय काम करतो हे त्यात नसते. त्यामुळे पहिले काम म्हणजे दुसरी नोंदवही करणे. प्रत्येक यंत्रासमोर त्यावर चालणारी कामे, कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) व तिची आवृत्ती, त्यावर साठवलेली माहिती, अ‍ॅडमिन पासवर्ड कोणाकडे आहे, देखभालीचा करार कधी संपतो आणि ते यंत्र नेटवर्कला कोठे जोडले आहे, एवढे लिहावे. हे काम टेबलावर बसून परिपत्रक पाठवून होत नाही. प्रत्येक खोलीत जाऊन टेबलाखाली वाकून पाहावे लागते. बहुतेक जुन्या कार्यालयांत ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवलेला एखादा सीपीयू सापडतोच. तो कागद कोणी चिकटवला आणि का, हे सांगणारा कर्मचारी बदली होऊन गेलेला असतो, आणि आत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला एखादा प्रोग्राम अजूनही पावत्या छापत असतो.

या पाहणीत कार्यप्रणालीच्या तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. विंडोज ७ चा आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणा) १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपलेले यंत्र चालू राहते, म्हणूनच ते दुर्लक्षित राहते. नवे दोष उघडकीस आले तरी त्यांची दुरुस्ती मात्र त्याच्यापर्यंत येत नाही. २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी-व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो १२ मेपासून, पण ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच उपलब्ध करून दिली होती. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ती बसवली नाही, मुख्यतः त्यांचेच नुकसान झाले. ज्या यंत्रावर नवी कार्यप्रणाली बसत नाही आणि ते लगेच बदलणेही शक्य नाही, ते इंटरनेटपासून तोडून नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवावे आणि ते काढून टाकण्याची तारीख नोंदवहीत त्याच दिवशी लिहावी.

कंत्राटदाराने ‘सोयीसाठी’ बसवून ठेवलेली दूरस्थ नियंत्रणाची अ‍ॅप्सही याच फेरीत शोधून काढावीत. कंत्राट संपले तरी ती सहसा चालूच असतात.

सर्व्हर कोठे ठेवावा

माझे मत स्पष्ट आहे : तालुका कार्यालयात सर्व्हर ठेवू नये. जिन्याखालच्या खोलीतला दमटपणा, समुद्रकाठच्या गावांत गंजणारी जोडणी, जूनमधील विजांचा कडकडाट आणि त्यासोबत जाणारा-येणारा वीजपुरवठा, हे सर्व यंत्रांचे आयुष्य कमी करते. शिवाय रात्री व सुट्टीत त्याकडे पाहणारा कोणी नसतो. राज्याचे डेटा सेंटर किंवा केंद्राच्या मेघराज उपक्रमाखाली मान्यता मिळालेली क्लाउड सेवा, हे दोन पर्याय आधी तपासावेत. कार्यालयात राहतील ते संगणक, प्रिंटर आणि नेटवर्कची उपकरणे. त्यांना चांगले अर्थिंग आणि सर्ज संरक्षण मात्र हवेच.

या निर्णयाची किंमत म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवरचे अवलंबित्व. गोवा ब्रॉडबँड नेटवर्कची किंवा अन्य कोणतीही जोडणी तुटली की काउंटर बंद पडू नये यासाठी वेगळ्या कंपनीची दुसरी जोडणी घ्यावी. तीही नसेल त्या दिवसासाठी क्रमांक छापलेले पावती पुस्तक आणि त्यातील नोंदी नंतर प्रणालीत कोणी व किती दिवसांत चढवायच्या याचा लेखी आदेश तयार ठेवावा.

माहितीचे स्थलांतर

सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. निविदेत मात्र त्यासाठी बहुधा एकच ओळ असते.

गोव्यातील अभिलेखांची गुंतागुंत वेगळी आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा असून मराठीचाही शासकीय कामांसाठी वापर करता येतो, इंग्रजी तर रोजच्या वापरात आहेच, आणि जमिनीचे जुने दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत. त्यामुळे एकाच कुटुंबाचे आडनाव एका कागदावर कामत तर दुसऱ्यावर कामोतिम, कोठे शेणवी तर कोठे सिनाय, कोठे प्रभू तर कोठे पोरोबो असे येते. नवी प्रणाली बसवणारा अभियंता बाहेरचा असेल तर त्याला ही वेगवेगळी माणसे वाटतात. उलट सॉफ्टवेअरला ‘सारखी नावे एकत्र करा’ अशी मुभा दिली तर खरोखर वेगळी माणसे एक होतात. नियम असा ठेवावा की मूळ दस्तऐवजातील लेखन अक्षरशः तसेच एका रकान्यात राहील आणि शोध सोपा व्हावा म्हणून प्रमाणित रूप दुसऱ्या रकान्यात जोडले जाईल. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरील नाव दुरुस्त करण्याचा अधिकार कायद्याने ज्या अधिकाऱ्याला आहे त्याचाच राहतो. तो डेटा एंट्री ऑपरेटरकडे चुकूनही जाता कामा नये.

दुसरी अडचण फॉन्टची. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीचा देवनागरी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये साठवलेला असतो. पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. फॉन्ट काढला की सर्व मजकूर निरर्थक चिन्हांचा होतो. रूपांतर करणारी साधने मिळतात, परंतु ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतील ऱ, ‘ज्ञ’, ‘द्य’ आणि काही जोडाक्षरे त्यांत हमखास अडखळतात. म्हणून तपासणीसाठी नमुना निवडताना नुसता सरसकट शंभरावा अभिलेख उचलू नये; नेमकी ही अक्षरे असलेली नावे व गावे मुद्दाम शोधून घ्यावीत.

तिसरी अडचण इतकी साधी आहे की ती कोणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हे क्रमांक बारा, पोटविभाग तीन हा इंग्रजी अंकांत तिरप्या रेघेने लिहिलेला क्रमांक एक्सेलमध्ये उघडला की त्याचे आपोआप ‘१२ मार्च’ होते. फाइल तशीच जतन केली की मूळ क्रमांक गेला. ज्या क्रमांकांची तारीख होऊ शकते तेच बदलतात, बाकीचे जसेच्या तसे राहतात, त्यामुळे हजारो ओळींच्या यादीत ही चूक डोळ्यांत भरत नाही. यादी आत घेण्यापूर्वी त्या रकान्याचा प्रकार ‘मजकूर’ असा ठरवून द्यावा, आणि शक्य असेल तेथे मधल्या टप्प्यावर एक्सेल वापरूच नये.

स्थलांतर झाल्यावर तीन प्रकारे पडताळणी करावी. अभिलेखांची संख्या दोन्हीकडे सारखी हवी. रकमांच्या बेरजा, उदाहरणार्थ पंचायतीच्या घरपट्टीची एकूण थकबाकी, पैशापर्यंत जुळल्या पाहिजेत. आणि निवडक अभिलेख मूळ कागदाशी ताडून पाहावेत. ही शेवटची तपासणी कंत्राटदाराच्या माणसाकडे न देता काउंटरवर रोज बसणाऱ्या एलडीसीकडे (कनिष्ठ लिपिकाकडे) द्यावी, कारण कोणत्या वाड्याचे नाव चुकले आहे हे त्यालाच कळते. त्यानंतर दोन्ही प्रणाली ठरावीक मुदतीत समांतर चालवाव्यात. मुदत संपण्याची तारीख आदेशात असावी, आणि त्या दिवसापासून जुनी प्रणाली केवळ वाचण्यासाठी उपलब्ध ठेवून पुढे ती उतरवावी. तिच्या हार्ड डिस्क पुसून त्याचे प्रमाणपत्र फाइलला जोडावे आणि यंत्रे ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच द्यावीत. लिलावात भंगार म्हणून गेलेल्या डिस्कमधून नागरिकांची माहिती बाहेर जाऊ शकते.

कोण, काय, केव्हा

जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, राज्यातील नद्यांच्या पूरपातळीवर लक्ष ठेवणाऱ्या जलस्रोत खात्याच्या प्रणालीवर खंडणी-हल्ला झाला, फायली कुलूपबंद झाल्या आणि सोडवणुकीसाठी बिटकॉइनची मागणी झाली. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती अशाच प्रकारे कुलूपबंद झाली आणि काही दिवस रुग्णसेवेचे काम हाताने लिहून करावे लागले. हल्लेखोर कार्यालयाचा आकार पाहत नाहीत. उघडे दार पाहतात.

सर्वांत सामान्य उघडे दार म्हणजे सामाईक लॉगिन. काउंटरवरचे तीन-चार कर्मचारी एकच नाव व पासवर्ड वापरतात, आणि तो मॉनिटरच्या कडेला लिहिलेला असतो. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण जेवणाच्या वेळी एकाने उठून दुसऱ्याने बसताना प्रणाली पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटे लागत असतील आणि समोर रांग असेल, तर कोणीही हेच करील. म्हणून निविदेतच कार्ड किंवा बोटाच्या ठशाने काही सेकंदांत लॉगिन होण्याची अट घालावी आणि मगच प्रत्येकाला स्वतंत्र खाते सक्तीचे करावे. अधिकाऱ्यांच्या व अ‍ॅडमिनच्या खात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत ओळखीचा आणखी एक पुरावा) हवी. बदली, निवृत्ती किंवा दीर्घ रजा यांच्या आदेशाची एक प्रत प्रणाली सांभाळणाऱ्याकडे जावी आणि खाते त्याच दिवशी बंद व्हावे. कामाचे कागद खासगी जीमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची सवय मोडायची असेल तर सरकारी ईमेल प्रत्येकाला, कंत्राटी कर्मचाऱ्यालाही, मिळाली पाहिजे.

स्वतंत्र खात्यांचा दुसरा लाभ पुराव्याचा आहे. जुन्या बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी राज्याला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. कागदाच्या दप्तरात कोणी केव्हा काय घुसवले हे शोधणे कठीण असते. संगणकात ते सोपे होऊ शकते, मात्र प्रत्येक बदलाची नोंद आपोआप होत असेल, ती अ‍ॅडमिनलाही पुसता येत नसेल आणि स्कॅन केलेल्या मूळ प्रतीचा हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा संकेत) स्वतंत्रपणे जपलेला असेल तरच.

बॅकअपचा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, आणि निदान एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तुटलेली. पणजीच्या कार्यालयाची प्रत पणजीतच दुसऱ्या मजल्यावर असेल तर ती दुसऱ्या गावी नाही. दर तिमाहीला रिकाम्या संगणकावर प्रत उतरवून, प्रणाली चालू करून, एक उतारा छापून पाहावा आणि त्याला लागलेला वेळ लिहून ठेवावा. ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश म्हणजे पुनर्स्थापनेची हमी नव्हे.

कंत्राटदाराशी करार करताना शेवटचा हप्ता हस्तांतराशी बांधावा. डेटाबेसची पूर्ण प्रत प्रमाणित स्वरूपात, तिच्या रकान्यांचे स्पष्टीकरण, सोर्स कोड आणि सर्व अ‍ॅडमिन पासवर्ड हाती आल्याशिवाय व त्यांवरून प्रणाली दुसऱ्या यंत्रावर उभी करून दाखविल्याशिवाय तो हप्ता देऊ नये. पोर्टल लोकांसाठी खुले करण्यापूर्वी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी, आणि मोठा बदल झाला की ती पुन्हा करावी.

हल्ला झालाच तर

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे, प्रणालींचे लॉग (त्यांच्या कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस देशातच जपायचे आहेत आणि सर्व यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळलेली ठेवायची आहेत. घड्याळाची अट किरकोळ वाटते, पण दोन यंत्रांच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असेल तर हल्ला कोठून कोठे गेला हे तपासणाऱ्याला सांगता येत नाही.

सहा तासांत वर विचारून, टिपणी चढवून, सही घेऊन काम होणार नाही. म्हणून कळवण्याचा अधिकार एका अधिकाऱ्याला व त्याच्या अनुपस्थितीत दुसऱ्याला आधीच लेखी द्यावा. चतुर्थीच्या सुट्टीतही त्यांपैकी एक उपलब्ध असला पाहिजे. पडद्यावर खंडणीचा संदेश दिसताच त्या यंत्राची नेटवर्क केबल काढावी व वायफाय बंद करावे, पडद्याचे छायाचित्र घ्यावे, वेळ लिहावी, आणि यंत्र फॉरमॅट करू नये. ‘लगेच चालू करून देतो’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला त्याला हात लावू देऊ नये, कारण त्यात पुरावा नष्ट होतो. बॅकअपची डिस्क जोडण्याची घाईही टाळावी. सर्ट-इनला, माहिती तंत्रज्ञान खात्याला आणि रायबंदरच्या सायबर गुन्हे पोलीस ठाण्याला कळवावे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर त्याच क्षणी. पुनर्स्थापना स्वच्छ यंत्रांवर करावी आणि हल्लेखोर आत कसा आला हे निश्चित होऊन सर्व पासवर्ड बदलले गेल्यानंतरच ती यंत्रे नेटवर्कला जोडावीत. तोवर काउंटर पावती पुस्तकावर चालवावा आणि दारावर तशी सूचना मराठी, कोकणी व इंग्रजीतून लावावी.